मधल्या नावाचा रकाना

चंद्रहास कारखानीसला ओसाकात मुलगा झाला, आणि जन्माच्या दिवसापासून चौदा दिवसांत त्याचं नाव विभाग कार्यालयात नोंदवणं कायद्याने आवश्यक ठरलं. वर्ष होतं १९९५. बाळ तीन किलो दोनशे ग्रॅमचं होतं, रडण्यात नियमित होतं, आणि नावावाचून त्याचं काहीही अडलेलं नव्हतं.

चंद्रहास पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत चार वर्षं काढून दोन गोष्टी शिकला होता. एक, कमरेतून वाकणं. दुसरी, रिंगी. रिंगी म्हणजे निर्णयाचा कागद सर्व संबंधितांकडे फिरवायचा आणि प्रत्येकाचा शिक्का घ्यायचा. ऑफिसातला चहा बदलायला नऊ शिक्के लागले होते. नववा शिक्का पडेपर्यंत तो चहा बाजारातून गेला होता, पण निर्णयाबद्दल कुणाचीही तक्रार आली नाही. या पद्धतीवर चंद्रहास बेहद्द खूश होता. मागच्या सुट्टीत त्याने पुण्याच्या मंडळींना मिठाईऐवजी त्यांच्या नावांचे गोल शिक्के नेऊन दिले होते.

तेव्हा मुलाच्या नावाचा कागद त्याने दुसऱ्याच दिवशी तयार केला. ‘अपत्य नामकरण प्रस्ताव’. प्रस्तावित नाव, कारण, शिक्के. मधल्या नावाच्या रकान्यात ‘चंद्रहास’ आधीच छापलेलं होतं, कारण मधलं नाव बापाचं असतं आणि त्यावर चर्चा संभवत नाही. मान्यता देणारे तीन: वडील सदानंदराव, थोरला भाऊ हेमचंद्र आणि बहीण पद्मिनी, म्हणजे बाळाची आत्या. तळाशी लिहिलं होतं: ‘प्रत माहितीसाठी: सौ. सुनेत्रा’.

सौ. सुनेत्राने पलंगावर पडल्यापडल्या ती प्रत वाचली. “मला सलील आवडतं,” ती म्हणाली.

“छान आहे. विहित नमुन्यात दे, पुढच्या फेरीत घेऊ.”

तिने नमुना भरून दिला. तो फायलीत सर्वांत खाली गेला, कारण मान्यता देणाऱ्यांचे प्रस्ताव आधी येतात.

पहिल्या फेरीत ‘निनाद’ पुण्याला फॅक्सने गेलं. हेमचंद्रने शेरा मारला: ‘निनाद नावाचा आमचा कारकून निलंबित आहे.’ सदानंदरावांना पत्रिकेप्रमाणे ‘भ’ हवा होता. पद्मिनीने शिक्काच दिला नाही, कारण तिने चांदीच्या वाटीवर ‘स्वप्निल’ आधीच कोरून घेतलं होतं.

दुसऱ्या फेरीत ‘भार्गव’ गेलं. त्यावर हेमचंद्रने कळवलं की भार्गव हे नाव त्याने १९८८ सालापासून स्वतःच्या मुलासाठी राखून ठेवलं आहे. हेमचंद्रला दोन मुली होत्या आणि तिसऱ्या अपत्याचा विचार नव्हता. “पण आरक्षण उठलेलं नाही ना,” चंद्रहास बायकोला समजावत म्हणाला, आणि आरक्षणाचा स्वतंत्र कागद फिरवायला घेतला.

बाराव्या दिवशी बारसं झालं. आत्या पुण्यात असल्यामुळे फोन बाळाच्या कानाला लावण्यात आला. नावाला मान्यता नसल्याने पद्मिनीने कानात सांगितलं, “बाळा, नाव मागाहून कळवते.” तिकडे चार बायकांनी कुर्रर्र केलं, पेढे वाटले गेले आणि कार्यक्रम वेळेत संपला.

चौदावा दिवस उजाडला. मुलाचं नाव चुकलं तर ते जन्मभर त्याच्या मानगुटीवर बसणार आणि दोष बापाकडे येणार, हेच चंद्रहासचं खरं भय होतं. शिक्के त्यासाठीच तर होते. दिवसभर तो ऑफिसच्या फॅक्ससमोर बसून राहिला. साडेचारला कागद आला, तिन्ही शिक्क्यांसह. एकमताने ठराव झाला होता: ‘विषय महत्त्वाचा आहे. जपान सरकारकडून मुदतवाढ घ्यावी.’

तो कागद घेऊन पाच वाजायच्या आत तो धावत विभाग कार्यालयात पोहोचला. खिडकीमागचे मोरिता-सान उठून वाकले.

“कारखानीस-सान, अभिनंदन. तुमच्या पत्नी सकाळीच बाळाला घेऊन आल्या होत्या. डॉक्टरांचा दाखला जोडलेला आहे. नोंद झाली.”

“कोणाच्या मान्यतेने?”

मोरिता-सान विचारात पडले. “आई किंवा वडील, एकाची सही पुरते.”

“आणि मधलं नाव?”

“आमच्या अर्जात तसा रकाना नसतो. आडनावापुढे पालक लिहितील ते.” त्यांनी नोंद फिरवून समोर धरली. कारखानीस, सलील विद्या.

“विद्या कोण?” चंद्रहासने विचारलं.

मोरिता-सानांनी अत्यंत अदबीने त्याच्याकडे पाहिलं. “पत्नी म्हणाल्या, त्यांचं नाव. लग्नापर्यंतचं.”

घरी सुनेत्रा बाळाचे कपडे घड्या करत होती. चंद्रहास बूट काढून दारातच उभा राहिला.

“निदान विचारायचं तरी,” तो म्हणाला.

“दोन आठवडे विचारणंच चाललं होतं की. माझं नाव बदललंत तेव्हा किती शिक्के लागले होते?”

त्याला आठवलं. लग्नात ताटात तांदूळ पसरले होते. फोटोग्राफर घाई करत होता. हेमचंद्र कानाशी कुजबुजला, “विद्या नको, आपल्याकडे मोलकरीण विद्या आहे, गोंधळ होईल. सुनेत्रा लिही.” त्याने अंगठीने लिहिलं होतं. तिच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदाच चंद्रहासला खरोखर लाज वाटली. तो खाली बसला आणि झबल्यांच्या घड्या घालू लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने पुण्याला नाव कळवलं. उत्तर तासाभरात आलं, इतक्या वेगाने आजवर एकही कागद फिरला नव्हता. सलीलला कुणाचीच हरकत नव्हती. खाली तिन्ही शिक्के होते आणि तिघांचा मिळून एकच शेरा: ‘विद्या कोण, खुलासा व्हावा.’

तुम्हाला हसू आलं असेल, तर एक काम करा. आपल्या आजीचं लग्नाआधीचं नाव कागदावर लिहून पाहा. आठवत नसेल तर घाई नाही, नातेवाइकांना फोन करून विचारा.