गोलकीपरची नजर

सासऱ्यांना संघातून काढायचं कसं, या प्रश्नाने कप्तानाची महिनाभर झोप उडवली होती. शनिवारी सकाळी त्याला अखेर तोड सापडली. आपण काही बोलायचंच नाही. सासऱ्यांना दुकानात बोलवायचं, तपासणीच्या खुर्चीत बसवायचं, समोरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावायचा आणि वाईटपणा काय तो तक्त्याला घेऊ द्यायचा. कप्तान पेशाने चष्मेवाला होता. गल्लीच्या फुटबॉल संघाचं कप्तानपद त्याच्याकडे आलं, ते मुख्यतः त्याच्या दुकानात बैठकीला पुरतील एवढी बाकं होती म्हणून.

सासरे या संघाचे गोलकीपर. संघ निघाला तेव्हापासून गोलमध्ये तेच उभे राहत आलेले, आणि एके काळी खरोखरच त्यांच्या अंगावरून माशी जायची नाही. अलीकडे मात्र गोल झाल्यावर ते मागे वळून "आला कुठून हा?" असं आश्चर्याने विचारू लागले होते. मागच्या सामन्यात तर वाऱ्याने उडत आलेली प्लास्टिकची पिशवी त्यांनी झेप घेऊन छातीशी धरली. प्रेक्षकांनी टाळ्याही वाजवल्या. चेंडू तेवढ्यात दुसऱ्या बाजूने आत गेला होता.

उद्या, रविवारी, पलीकडच्या गल्लीशी सामना होता. जिंकेल त्या संघाला वर्षभर रविवारी सकाळचं मैदान, आणि हरेल त्याला भर दुपारचं. एवढ्या उन्हात वर्षभर खेळायचं म्हणजे संघातले निम्मे लोक आपणहून खेळ सोडतील, हे कप्तानाला स्पष्ट दिसत होतं.

"तू सांग ना तुझ्या वडिलांना," असं त्याने बायकोला दोनतीनदा सुचवून पाहिलं होतं.

"कप्तान कोण आहे?" एवढंच विचारून ती चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पिळत राहिली. दुकानाचा गल्ला आणि दुरुस्ती तिच्याकडे होती, आणि बोलण्यातही ती कुठे किती पिळायचं हे बरोबर जाणून होती.

बेत चांगलाच होता. पण नेमक्या त्याच सकाळी शहराच्या मोठ्या क्लबने थोरल्यांना सोडलं. थोरले म्हणजे त्या क्लबचे सगळ्यात जुने गोलकीपर. त्यांचं खरं नाव घेऊन बोलणारा माणूस बाहेरगावचा समजला जायचा. ना दुखापत, ना भांडण. करार वाढवत नाही, आभारी आहोत, असं सकाळच्या बातम्यांत सांगून क्लब मोकळा झाला आणि अख्खं शहर दुखवट्यात बसलं.

त्यामुळे सासरे दुकानात आले ते एकटे नाहीत. पाठोपाठ संघाचा बचावपटू प्लंबर हातात पाना घेऊन आला, आणि त्याच्याशी भांडत भांडत औषधांच्या दुकानाचा मालक आला. तोही संघातच होता, उजव्या बाजूला खेळायचा.

"त्यात रडण्यासारखं काय आहे?" औषधवाला म्हणाला. "बाटलीवर तारीख असते. ती उलटली की बाटली कितीही आवडती असो, काढावीच लागते."

"अहो, माणूस म्हणजे खोकल्याचं औषध आहे का?" प्लंबर तापला. "मी रोज बघतो. चांगले पितळी नळ काढून फेकतात नि चकचकीत नवीन बसवतात. मग वर्ष जात नाही तोवर मलाच फोन. ओल आली म्हणे."

कप्तानाने सासऱ्यांना पडद्याआडच्या खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची जाडजूड गोल चौकट चढवली आणि पडदा ओढायला हात पुढे केला.

"थांबा जावईबापू," सासरे चौकटीआडून म्हणाले. "तुम्हाला काय वाटतं? थोरल्यांना काढलं ते बरोबर की चूक?"

प्रश्न साधाच होता, पण कप्तानाला घाम फुटला. बरोबर म्हणावं, तर सासरे पुढचं सगळं ओळखणार. चूक म्हणावं, तर उद्या त्यांना काढायचं कोणत्या तोंडाने? आणि बायकोने तर स्क्रू पिळायचं थांबवून मान वर केली होती. अशा वेळी भित्रा माणूस जे करतो तेच त्याने केलं. तो गरजेपेक्षा फार मोठ्याने म्हणाला, "चूक. साफ चूक."

एवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. पण एकदा सुटलेली जीभ त्याला आवरेना. "माणूस थोडा हळू झाला म्हणून त्याला असं उठवून बाहेर बसवायचं? ज्याने आयुष्य दिलं संघाला? त्याचं मन कोणी बघायचं? त्याला रात्री झोप येत असेल का? सगळे पाठीमागे कुजबुजतात हे त्याला कळत नसेल का?" हे बोलताना त्याच्या डोळ्यांसमोर चौकटीतले सासरे होते, आणि महिनाभराची स्वतःची तगमग होती. आवाज आपोआप कातर झाला.

प्लंबर भारावला. "हे सगळ्यांनी ऐकायला पाहिजे," म्हणत तो दारात गेला आणि समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं आत घेऊन आला. थोरल्यांवर कोणीतरी बोलतंय म्हटल्यावर बसथांब्यावरचेही चारजण आले. कप्तानाला तेच पुन्हा बोलावं लागलं, आणि दुसऱ्या खेपेला ते पहिल्यापेक्षा चांगलं झालं.

"आपल्या संघात असं नाही ना होणार?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"मी असेपर्यंत नाही."

"शब्द?"

"शब्द," कप्तान म्हणाला, आणि तोंडातून शब्द गेल्यावर आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी चौकट काढून डोळे पुसले. औषधवाल्याने प्लंबरकडे पाहिलं, प्लंबरने औषधवाल्याकडे, आणि दोघांनीही मान खाली घातली. आपल्या बोलण्याने औषधवालासुद्धा विरघळला, असं कप्तानाला वाटलं.

गर्दी पांगल्यावर त्याने पडदा ओढला आणि उगाच आशेने सासऱ्यांना तक्ता वाचायला सांगितला. न जाणो, नजर चांगली निघायची.

"सगळ्यात वरचं अक्षर सांगा, बाबा."

सासऱ्यांनी बराच वेळ पाहिलं. "वर काही लिहिलंय का?"

कप्तान पडदा सारून बाहेर आला. बाकावर दोघे वाट बघत होते. आता शब्द तर देऊन झाला होता. "काय निघालं?" प्लंबरने विचारलं.

"काही नाही. वयाच्या मानाने नजर छान आहे."

"छान?" सासरेच चकित झाले. ते उठून बाहेर येताना वाटेतल्या स्टुलाला अडखळले, पण आनंदात त्यांना ते जाणवलं नाही. "अहो, मला तर वाटत होतं काहीतरी गडबड आहे. त्या भीतीने मी गाडी चालवायची सोडली होती. उगाचच की. बरं झालं. उद्या सगळ्या संघाला मैदानावर मीच घेऊन जातो. आणि आत्ता नातीचा गाण्याचा क्लास सुटेल, तिला आणतो. चावी कुठे आहे?"

चावी गल्ल्यावर होती. बायकोने ती उचलली, पण वडिलांना दिली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. "देऊ का बाबांना चावी? अहो डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं." ती त्याला अहो म्हणायची ते फक्त त्याची धडगत नसली की.

कप्तानाच्या डोळ्यांसमोर रस्ता आला, त्यावरची प्लास्टिकची पिशवी आली आणि मागच्या सीटवर पाय हलवत बसलेली मुलगी आली. "नको, बाबा," तो म्हणाला. "तुमची नजर चांगली नाही. अगदीच वाईट आहे."

"आत्ता छान म्हणालात ना?"

"ते गोलकीपरसाठी म्हणालो."

मग कप्तानाने धीर करून सगळं सांगून टाकलं. उद्या त्यांना बाहेर बसवायचा विचार, महिनाभराची टाळाटाळ, तक्त्याचा बेत, सगळं. सासरे ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते गोंधळले होते.

"म्हणजे मघाचं ते भाषण माझ्यावर होतं?" त्यांनी विचारलं.

"मग कोणावर?"

सासऱ्यांनी बाकाकडे पाहिलं. प्लंबर हातातला पाना उघडून मिटून बघत होता. औषधवाला दूरचं कोणतं तरी अक्षर तक्त्यावर वाचत होता.

"आम्हाला वाटलं," सासरे म्हणाले, "तुम्ही स्वतःबद्दल बोलताय."

"माझ्याबद्दल?"

"अहो, परवा यांनी मला गाठलं. म्हणाले, जावई तुमचे आहेत, तुम्हीच समजावा. उद्या तुम्ही बाहेर बसावं असं सगळ्यांच्या मनात होतं. मी आज तेच सांगायला आलो होतो. तुम्ही आपणहून बोलावलंत, म्हटलं चला, आयतीच वेळ आली. थोरल्यांवरून सुरुवात करावी म्हणून विचारलं, तर तुम्हीच असं काळीज पिळवटून बोलायला लागलात. मला वाटलं, तुम्हाला कुठून तरी कळलंय. मला पुढे काही सुचेना."

"पण मी काय केलंय?" कप्तानाने बाकाला विचारलं.

"तसं काही नाही," प्लंबर चुळबुळला. "फक्त चेंडू तुमच्याकडे गेला की परत आपल्याकडे येत नाही."

"कधीच नाही," औषधवाला म्हणाला. "पण तुम्ही एवढं तळमळून बोललात, मग आमची जीभ कशी रेटणार?"

"मी यांना तेव्हाच बजावलं होतं," सासरे ताठ होऊन म्हणाले. "म्हटलं, गोलमधून सगळं मैदान समोर असतं. मी वर्षानुवर्षं माझ्या जावयाचा खेळ बघतोय. असा खेळाडू तुम्हाला दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. माझं कोणी ऐकेल तर ना."

कप्तानाला भरून आलं. ज्या माणसाला बाहेर काढायला आपण तक्ते लावत बसलो, तो माणूस आपल्यासाठी सगळ्या संघाशी भांडत होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्याला सासऱ्यांकडे बघवेना.

"तुला हे माहीत होतं?" त्याने बायकोला विचारलं.

"दोघांचंही," ती म्हणाली. "तू म्हणालास बाबांना सांग. बाबा म्हणाले तुला सांग. मी दोघांना एकच उत्तर दिलं, तुमचं तुम्ही बोला. तुमचं असं बोलणं होईल हे काही मला वाटलं नव्हतं."

शेवटी असं ठरलं की शब्द तो शब्द. कोणी कोणाला काढायचं नाही. त्या दुपारी कप्तानाने दुकानात गिऱ्हाईक घेतलं नाही. सासऱ्यांचे डोळे पुन्हा नीट तपासले, भिंगं स्वतः घासली, उडी मारली तरी हलू नये म्हणून चौकटीला डोक्यामागून जाईल असा पट्टा लावला. इतकं मन लावून त्याने आजवर कोणाचा चष्मा केला नव्हता.

रविवारी सासरे चष्मा लावून गोलमध्ये उभे राहिले आणि पलीकडच्या गल्लीचे हाल सुरू झाले. डावीकडून आलेला चेंडू त्यांनी अडवला. उजवीकडचा अडवला. एक तर अगदी कोपऱ्यातून बोटांनी बाहेर काढला, आणि एकदाही कोणाला "आला कुठून" असं विचारलं नाही. समोरचे खेळाडू चिडून शिट्टीवाल्याशी वाद घालू लागले, की चष्मा चालतो का म्हणून.

कप्तानही जीव तोडून धावत होता. त्याला दोनदा मोकळा चेंडू मिळाला, तो त्याने मोठ्या मनाने पलीकडच्या गल्लीला दिला. एकदा तो चेंडू घेऊन जोरात सुटला, तेव्हा सासरे लांबून हातवारे करत ओरडत होते. प्रोत्साहन देतायत असं समजून त्याने आणखी वेग घेतला. समोर आपलाच गोल आहे हे त्याला उशिरा कळलं. सासऱ्यांनी त्याच्याच पायातून चेंडू काढून घेतला.

मध्यंतर झालं तेव्हा दोन्हीकडे गोल नव्हता. सासरे सावकाश चालत त्याच्याकडे आले, खांद्यावर हात ठेवला आणि त्याला थोडं बाजूला घेतलं. जाड भिंगांमागे त्यांचे डोळे फार मोठे आणि फार दुःखी दिसत होते.

"जावईबापू, आज तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे की, बाबा."

"म्हणजे तुम्ही नेहमी असंच खेळता?"

"हो."

"इतकी वर्षं?"

"हो, बाबा."

सासऱ्यांनी मैदानाकडे पाहिलं, मग पुन्हा जावयाकडे. "बसा," ते मायेने म्हणाले.

"पण शब्द दिला होता आपण."

"तुम्ही दिला होता. मी नव्हता."

कप्तान मैदानाबाहेरच्या बाकावर जाऊन बसला. बायकोने सरकून त्याला जागा दिली आणि पाण्याची बाटली पुढे केली. खेळ सुरू झाला. थोड्याच वेळात औषधवाल्याने गोल मारला, आणि उरलेला सगळा वेळ सासऱ्यांनी चेंडूला आत येऊ दिलं नाही. शिट्टी वाजली तशी गल्लीतल्या लोकांनी धावत जाऊन त्यांना खांद्यावर घेतलं. चष्मा तसूभरही हलला नाही.

"बाबांना चांगलं दिसतंय हं आता," बायको म्हणाली.

कप्तान उभा राहून टाळ्या वाजवत होता. "दिसणारच," तो म्हणाला. "चष्मा कोणी केलाय?"