गजभिये काकांची हरकत

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत कुणी विमानाचं तिकीट काढलं, की ते आधी दुसऱ्या मजल्यावर नेऊन दाखवावं लागतं. गजभिये काका त्यावरची वेळ पाहतात, गच्चीवर जाऊन आपले दोन तापमापक वाचतात (एक कोरडा, दुसऱ्याला ओलं फडकं गुंडाळलेलं) आणि निकाल देतात: 'हरकत नाही' किंवा 'हरकत आहे'. त्यांच्या हरकतीमुळे कुणी तिकीट रद्द केल्याचं ऐकिवात नाही. पण 'हरकत आहे' ऐकून गेलेला माणूस सबंध प्रवासात पंखाकडे बघत बसतो, एवढं खरं.

काकांनी चौतीस वर्षं हवा मोजण्याची सरकारी नोकरी केली. त्यांची एकुलती एक मुलगी, प्रज्ञा, विमान चालवते. या दोन गोष्टी एका घरात आल्या, तेव्हापासून काकांच्या जिवाला स्वस्थता नाही.

तळमजल्यावरच्या जोशी काकू लेहला निघाल्या, तेव्हा काकांनी त्यांना पाऊण तास जिन्यात उभं केलं.

"थंडीत पंखावर बर्फ धरतं. दुधावर साय धरावी इतकंच दिसतं, पण पंखाचा आकार बिघडतो. मग तो विमानाला उचलत नाही."

"मग ते काढत नाहीत का?"

"काढतात. औषध फवारतात. नीट फवारलं का, ते तुम्ही पायलटला विचारा."

"अहो, मी रिक्षावाल्याला ब्रेक लागतात का तेसुद्धा विचारत नाही."

"म्हणून तर पुण्यात हाडांचे डॉक्टर बंगले बांधतात."

थंडी तरी परवडली. काकांचा खरा वैरी ऊन. "उन्हात हवा विरळ होते. पातळ ताकावर लोणी येतं का? धावपट्टी जास्त लागते, वजन उतरवावं लागतं. त्यात वळवाचा ढग चढला, तर त्याच्या पोटातला वारा विमानाला खाली दाबतो."

मी संतापून म्हणालो, की हा माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, मे महिन्यातली दुपारची उड्डाणं बंद झालीच पाहिजेत, मी आजच पत्रक लिहितो.

"लिहा," काका म्हणाले. "ढगांना वाचायला भरपूर वेळ असतो."

तरीही मला ते आवडत, कारण अख्ख्या इमारतीत नवस, मुहूर्त, राहुकाळ यांतलं काहीही न मानणारे माझ्याखेरीज ते एकटे. गेल्या मे महिन्यात सोसायटीने नव्या लिफ्टला लिंबू-मिरची बांधली. मी निषेधाचं पत्रक लिहिलं आणि दुपारी तीनच्या सुमारास पहिली सही घ्यायला काकांकडे गेलो. दार उघडंच होतं. काका हातात फोन घेऊन फेऱ्या मारत होते.

"प्रज्ञा चार वाजता नागपूरहून हैदराबादला निघतेय. नागपुरात पंचेचाळीस आहे." पुण्यात चाळीस वर्षं काढली तरी घाबरले की त्यांची नागपूरकडची बोली वर येते. "दुपारची पाळी काहून देतात पोरीला?"

उड्डाणाआधी पायलटला फोन करू नये, त्याचं चित्त ढळतं, हा नियम त्यांचाच. तेवढ्यात तिचाच फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकला.

"तापमान?" जेवलीस का नाही, कशी आहेस नाही.

"पंचेचाळीस, बाबा."

"वारा?"

"समोरून. चांगला आहे."

"ढग?"

"लांब आहेत, वाटेत. वळसा घालू. वजनही कमी केलंय."

"मग हरकत नाही," काका म्हणाले. आवाज हरकतीचाच होता.

"बरं बाबा, जाते आता."

काका जागच्या जागी थांबले. "जाते नाही. येते म्हण."

पलीकडे ती हसली. "बाबा, तुम्ही?"

"म्हण, आणि मग ठेव."

"येते, बाबा."

फोन बंद झाला. काकांनी माझ्याकडे न बघता पत्रक ओढून घेतलं आणि सही केली.

"ती भाषेची रीत आहे," ते म्हणाले. "तिचा लिंबाशी संबंध नाही."

"नाहीच," मी म्हणालो.

विमान हैदराबादला उतरायला सव्वापाच वाजणार होते. तोवर मी उठलो नाही. काकांनीही मला जा म्हटलं नाही.