डब्याला थंडी वाजू नये म्हणून

आमच्या लॉज ग्रास गावातलं संशोधन आमच्याच मार्गदर्शनाखाली चालावं, असा ठराव एकमताने मंजूर झाला. मी समितीचा अध्यक्ष. पूर्वी बाहेरचे लोक अमेरिकेतल्या मॉण्टाना राज्यात, आम्हा क्रो आदिवासींच्या वस्त्यांत यायचे, मोजमापं घ्यायचे आणि निघून जायचे. हे अपमानास्पद होतं. आता मोजमापं आम्हीच घेतो आणि निघून कुठेच जात नाही.

विषय गंभीर होता. कोळशाची खाण बंद पडायच्या बेतात. पुढे घरं तापवायची कशावर? काही घरांत नवी साधनं बसवावीत आणि फरक कळावा म्हणून एक घर जसंच्या तसं ठेवावं, असं ठरलं. तो मान आर्डिथ आत्याला मिळाला. आत्या माझ्या वडिलांच्या कुळातली. तिचा शब्द खाली पडू देणं आमच्यात शोभत नाही, म्हणून आम्ही तो फार आदराने ऐकून घेतला.

"अरे, माझ्या शेगडीचं धुराडं कुजलंय," आत्या म्हणाली. "कोळसा पेटवला की सगळा धूर घरात. बर्फ पडायच्या आत तेवढं बदलून दे बाबा."

"आत्या, धुराडं बदललं तर घर जसंच्या तसं राहील का?"

"घराचं जाऊ दे, मी तरी राहीन!"

हा मुद्दा संशोधनाच्या कक्षेबाहेरचा होता.

विद्यापीठाच्या मेगनबाई हळूच म्हणाल्या, "अहो, देऊ या ना बदलून. एवढ्याने काही बिघडत नाही." मार्गदर्शन कोण करतंय, याची मी त्यांना नम्रपणे आठवण करून दिली. बाई लगेच ओशाळल्या. ओशाळायचं प्रशिक्षण त्यांना विद्यापीठातच मिळालेलं असतं.

मग आत्याच्या बैठकीच्या खोलीत थंडी मोजणारा डबा बसला. पहिला बर्फ पडला आणि डबा बंद. फार गारठलं की त्याचं यंत्र चालत नाही, असं निष्पन्न झालं. तातडीची बैठक झाली. आत्याच्या छपरावर सोलर पॅनल बसवलं आणि त्या विजेवर डब्यापुरता छोटासा हीटर. वस्तीत नव्या ऊर्जेचा पहिला लाभार्थी तो डबा ठरला. आम्ही त्याच्यासोबत फोटो काढले.

पण डबा पुन्हा गारठू लागला. चौकशीअंती समजलं, की आत्या खुर्ची ओढून हीटरसमोर पाय शेकत बसते.

"आत्या, जरा लांब बसशील का?"

"किती लांब?"

"शक्यतो स्वयंपाकघरात."

आत्या कोट घालून, खोकत स्वयंपाकघरात गेली. आकडे सुधारले.

अहवालाची सभा शाळेच्या जिममध्ये भरली. आमच्या रीतीप्रमाणे वडिलांच्या कुळातलं माणूस उठून चारचौघांत आपली स्तुती करतं आणि आपण त्याला भेट द्यायची. मी उत्तम लोकरी ब्लँकेट आणलं होतं. आत्या उठली. खोकला थांबेपर्यंत सगळे थांबले.

"माझा भाचा फार मायाळू," ती म्हणाली. "माझ्या घरात कुणालाही थंडी वाजू नये म्हणून झटला. एकट्या मला वाजली, पण ती स्वयंपाकघरात."

तेवढ्यात मागून बर्डेल उठला. त्याचे आणि माझे वडील एकाच कुळातले. अशा भावाला भर सभेत आपली टर उडवायचा हक्क असतो आणि आपल्याला रागवायची सोय नसते.

"अध्यक्षमहाराज, ब्लँकेट आत्याला कशाला? डब्याला पांघरा की! परगावचा पाहुणा तो, त्याला कुठली सवय थंडीची?"

जिम हसून लोटपोट. मीसुद्धा हसलो; रीतच आहे. आतून मात्र नुसता जळत होतो. इतिवृत्तात आम्ही 'उत्स्फूर्त लोकसहभाग' अशी नोंद केली.

दुसऱ्या दिवशी बर्डेल शिडी घेऊन आत्याच्या छपरावर चढला आणि त्याने नवं धुराडं बसवलं. शेगडी पेटली. आत्या बैठकीच्या खोलीत परतली, डबा उबदार झाला आणि आमचं संशोधन साफ बुडालं. समितीने बर्डेलला जाब विचारला.

"टर मी उडवली ना? मग छपरावर कोण चढणार?" तो म्हणाला. "हसून घरी जायला मी काय पाहुणा आहे?"

त्याच्या म्हणण्यावर उपसमिती नेमली आहे. तिच्यात जागा रिकामी आहेत. आपणही इथवर वाचताना हसलात, असं आमच्या कानावर आलंय. आपल्या ओळखीत कुणाचं तरी धुराडं कुजलेलं असेलच. शिडी काढताय, की आपलं नाव उपसमितीत घालू?