काय शिजायचंय?

आमच्या नेवाशात लाकडं आणायला जायचं तर नुसते पैसे खिशात असून भागत नसे. आज घरात काय शिजणार आहे, हे बायकोला विचारून निघावं लागे. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, आमच्या गल्लीच्या बरोबर मागे, रंगनाथअण्णांची जळाऊ लाकडाची वखार होती, त्यांच्या वडिलांपासूनची. तुम्ही जाऊन म्हणा, "अण्णा, अर्धा मण बाभूळ द्या." अण्णा तराजूला हात लावायचे नाहीत. टोपी मागे सरकवून तुमच्याकडे नीट बघायचे आणि म्हणायचे, "काय शिजायचंय?"

उत्तर दिल्याशिवाय लाकूड नाही. दिलं तरी तुम्ही मागितलेलं मिळेलच असंही नाही. "पुरणाला बाभूळ? न्हाई जमायचं! तळाला लागंल. आंब्याचं न्या." भाकरीला बाभूळ, दूध आटवायला गोवऱ्या, चहापुरत्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काटक्या. कडू धूर देणारं कडुनिंबाचं लाकूड मागणाऱ्याकडे तर ते असे बघत, की माणूस आपण होऊन पायरी उतरे.

एकदा नवीन आलेल्या मामलेदारांचा शिपाई रुबाबात आला. "साहेबांच्या जेवणासाठी लाकडं द्या."

"काय शिजायचंय?"

"साहेबांचं जेवण."

"ते शिजवायचं नाव न्हाई. डाळ, भात, कायतरी नाव घ्या की!"

"तुम्हाला काय करायचंय हो?"

"मग न्हाई जमायचं. साहेबास्नी कच्चं खाऊ द्या."

शिपाई तणतणत गेला. अर्ध्या तासाने परत आला आणि खाली मान घालून म्हणाला, "साबुदाण्याची खिचडी." साहेबांचा उपास होता. अण्णांनी वर चार तुराट्या जास्त दिल्या.

यामुळे व्हायचं काय, की सगळ्या गावाचा स्वयंपाक अण्णांच्या डोक्यात असे. कुणाकडे जावई आला, कुणाच्या मुलीला बघायला मंडळी आली, कुणाच्या सुनेला डोहाळे लागले, सगळं त्यांना आधी कळायचं. सकाळी पोह्यांसाठी तुराट्या नेणारा बाप संध्याकाळी पुरणाची लाकडं न्यायला आला, की अण्णा विचारायचे, "जमलं म्हना की!" बाप परत आलाच नाही, तर दोन दिवस अण्णा त्या घरावरून जातानासुद्धा चपला न वाजवता जात.

मी हायस्कुलात मास्तर. दर रविवारी माझी फेरी ठरलेली. माझं उत्तरही ठरलेलं, कारण आमच्याकडे रविवारी भरली वांगी असत. तरी अण्णा विचारायचे ते विचारायचेच. मी "भरली वांगी" म्हटलं की डोळे बारीक करून, मान हलवून म्हणायचे, "व्वा! रैवार सत्कारनी लागला." मला वाटे, काय चांभारचौकशा असतात या माणसाच्या! लाकूड विक आणि गप्प बस ना बाबा.

मग गॅस आला. नगरहून टेम्पोने सिलिंडर यायला लागले. आमच्या घरी तो आला तेव्हा हिने शेगडीला हळदकुंकू लावलं आणि काडी ओढताना डोळे मिटून घेतले. निळी ज्योत पेटली. ही उघड्या डोळ्यांनी दहा मिनिटं नुसती बघत राहिली. इतकी वर्षं चूल फुंकून तिचे डोळे लाल झालेले मी पाहिले होते, त्यामुळे मलाही आनंद झाला. खोटं कशाला सांगू, फार झाला.

पण रविवार आला आणि मला प्रश्न पडला. अण्णांना सांगायचं कसं? न जावं, तर मागच्याच रस्त्यावर माणूस वाट बघत बसलेला. नुसतं डोकावून यावं म्हणून गेलो. अण्णांनी विचारलं, "काय शिजायचंय?" आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "भरली वांगी." दहा शेर बाभूळ सायकलला बांधून मी घरी आलो.

"हे काय?" ही म्हणाली.

"अगं, राहू दे. पाणी तापवायला होतील."

दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी वखारीच्या दारात शेजारचे देशपांडे भेटले, कोर्टात कारकून होते ते. त्यांच्या घरी तर आमच्याआधी दोन महिने गॅस आलेला. आणि हा गृहस्थ अण्णांना सांगत होता, "आज बासुंदी करायची आहे हो, गोवऱ्या द्या चांगल्या." माझ्याकडे बघून त्यांनी नजर चुकवली. मीही चुकवली.

हळूहळू कळलं की आमची अख्खी गल्ली हाच धंदा करते आहे. भिडेपोटी सगळे लाकडं आणत होते आणि परसात रचत होते. आणि प्रत्यक्ष शिजवायचं नाही म्हटल्यावर सांगताना हात कोण आखडता घेणार? दुष्काळ नुकता सरला होता, रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळत होती, आणि आमची गल्ली मात्र अण्णांच्या हिशेबी आठवड्यातून दोनदा अनारसे तळत होती. मी वांग्यांवरून खव्याच्या पोळीवर गेलो. देशपांडे त्याच आठवड्यात घीवरावर गेले. घीवर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मला शंका आहे.

परसात लाकडं कंबरभर झाली. देशपांड्यांच्या ढिगातून विंचू निघाला आणि तो नेमका त्यांच्या सासूबाईंच्या लुगड्यावर चढला. "ही भीड जीव घेईल एखाद्याचा," ही मला म्हणाली. "सांगून टाका त्यांना एकदाचं!"

सांगायची वेळच आली नाही. एका शनिवारी गावात बातमी आली की अण्णा वखार बंद करताहेत. मी तडक गेलो. अंगण जवळजवळ रिकामं होतं. तराजू खाली काढून भिंतीला टेकवलेला. अण्णा खाटेवर बसले होते.

"काय हो अण्णा, असं अचानक?"

"अचानक कुटलं, मास्तर? लाकूड येत न्हाई आता. दुष्काळात झाडं गेली निम्मी. आन् घेनार तरी कोन?"

"आम्ही घेतोच की!" मी म्हणालो. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

अण्णा हसले. "हितनं तुमची समदी छपरं दिसत्यात मला. चार महिनं झालं, तुमच्या घरावर धूर न्हाई. देशपांड्यांच्या बी न्हाई. आन् बासुंदी आटतीया!"

मी मान खाली घातली. "मग तुम्ही लाकडं देत का राहिलात?"

"तुमी सांगत हुतात ना. मी ऐकत बसायचो. तुमची खव्याची पोळी लई ग्वाड लागली."

मला काही कळेना. मग त्यांनी मागच्या, स्वतःच्या राहत्या खोलीकडे बोट केलं. मी इतकी वर्षं वखारीत येत होतो, पण आत पहिल्यांदाच गेलो. कोपऱ्यात चूल होती. सारवलेली, स्वच्छ, आणि तिच्यात राखेचा कणसुद्धा नव्हता. गावाला जळण पुरवणाऱ्या माणसाच्या घरची चूल थंड होती.

"कारभारीण गेली, त्याला अकरा वर्सं झाली," अण्णा म्हणाले. "तवापासनं स्टँडवरल्या खानावळीत जेवतो. तीच आमटी, तोच भात. मग मी काय करतो, डोळं मिटायचं. रैवारी तुमची वांगी. सोमवारी कुनाचं तरी पिठलं. सनावाराला देशपांड्यांचं पुरन. आसं जेवत आलो बगा." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "लाकडाचं न्हाई वाटत काई. पर वखार बंद झाल्यावर मला कोन सांगनार हो, काय शिजलं ते?"

ज्याला चांभारचौकशा म्हणत होतो, तो या माणसाचा घास होता. माझी मलाच लाज वाटली. शेवटी म्हणालो, "उद्या जेवायलाच या आमच्याकडे."

"न्हाई जमायचं, मास्तर. कुनाच्यात जायची सवच मोडली." आणि त्यांनी तोंड फिरवलं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. रविवारी सकाळी बघतो तर परसात तीन दगड मांडलेले, शेजारी अण्णांचीच बाभूळ, आणि ही पदर खोचून फुंकणीने जाळ करते आहे.

"अगं, गॅस संपला का?"

"गॅसला धूर येत नाही," ती म्हणाली.

धूर वर गेला. भरपूर गेला, हिने लाकडं जरा जास्तच घातली होती. कढईत वांगी सोडून पाच मिनिटं झाली असतील नसतील, मागचं दार वाजलं. दारात अण्णा. पायात चपला नाहीत, टोपी वाकडी.

"वैनी, न्हाई जमायचं! एवढा जाळ? वांगी करपत्याल की!" म्हणत ते सरळ आत आले, चुलीपुढे उकिडवे बसले आणि एकेक करून दोन लाकडं बाहेर ओढून विझवली. मग तिथेच बसून राहिले. कढईवरचं झाकण हलायला लागलं तसा त्यांचा चेहरा सैल होत गेला.

हिने ताट वाढलं. अण्णा त्याच्यापुढे बसले. त्यांनी भाकरी मोडली, वांग्याला लावली, घास तोंडात घातला. आणि चावायचे थांबले.

"काय झालं अण्णा?" ही घाबरली. "तिखट झालं का?"

अण्णांनी घास गिळला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते धुराचं नव्हतं, कारण धूर केव्हाच विरला होता.

"वैनी," ते म्हणाले, "यात गूळ आसतो व्हय? मी इतकी वर्सं बिनगुळाचीच खात हुतो."