गयाबाईचा उखाणा

"उखाण्यात मले हरवन अशी बाई अजून आदिलाबाद जिल्ह्यात जन्मली नाही!" मावल्याची गयाबाई भाजी तोलता तोलता सांगायची. आणि खोटं नव्हतंच ते! कुठल्याही लग्नात तिनं नाव घेतल्याशिवाय पंगत बसत नसे.

पण स्वतःच्या लेकीचं, प्रणिताचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं आणि खबर आली, की भीमपूरची विहीण विमलबाई उखाण्यात गयाबाईची आजी शोभेल! झालं! बाईची झोप उडाली. जुने उखाणे सगळ्यांना पाठ, नवे सुचेनात. लेकीच्या साक्षगंधात नाक कापलं जायचं! शेवटी प्रणितानं तिला मोबाईलमधलं एआय दाखवलं.

साक्षगंधाच्या दिवशी गयाबाई मोबाईल घेऊन आतल्या खोलीत बसली. "हे पाय, भीमपूरचे पांडुरंगराव मोठे कापूसवाले. त्यायच्या घरी माही लेक चालली. मले एक झकास उखाणा दे."

"आपल्या पतींचं नाव सांगा," मोबाईल म्हणाला.

"अवो माय! उखाण्याबिगर धन्याचं नाव घेऊ? लाज हाय का तुले? समजून घे ना!"

मोबाईलनं समजून घेतलं. तेवढ्यात बाहेरून हाका आल्या. पाठ करायला वेळ कुठला! कानात इअरफोन, वरून पदर, आणि बाई मांडवात हजर.

विमलबाईनं असा उखाणा घेतला, की टाळ्या थांबेनात. गयाबाईनं हळूच बटन दाबलं आणि कानात येईल ते खणखणीत म्हणू लागली,

"भीमपूरच्या शिवारात पांढरं सोनं पिकलं,
पांडुरंगरावांनी हसून माझं मन जिंकलं!"

टाळीसाठी उचललेले हात वरच राहिले. व्याह्यांच्या घशात पेढा अडकला.

"मी नाही हसलो!" पांडुरंगराव बायकोपुढं हात जोडून ओरडले. "आईच्यान सांगतो, नाही हसलो!"

"एमैंदी? काय झालं?" शेजारचे तेलुगू मास्तर ज्याला त्याला विचारत होते. सांगणार कोण?

"अवो, मी नाही, फोन बोलला!" गयाबाई रडकुंडीला आली.

"मंग फोनाचं मन जिंकलं का ह्यायनं?" विमलबाई कडाडली. "उठा सारे! नाही करायची ही सोयरीक!"

प्रणितानं हुंदका दिला. आणि तेव्हा गयाबाईचा नवरा, फकिरा उठला. चारचौघांत कधी तोंड न उघडणारा माणूस! त्यानं घाम पुसला, लेकीकडे पाहिलं आणि म्हणाला,

"काटेरी वांगं तोडताना हाताले टोचते,
गया माही बायको हाय, तुमाले काऊन बोचते?"

मांडव हशानं फुटला की हो! विमलबाई पदर तोंडात कोंबून इतकी हसली, की खालीच बसली. बसली ती अंगठ्या घालून झाल्यावरच उठली.

आता मावल्यात कुठलंही लग्न असो, यजमान फकिराच्या दारात उभे. "भाऊ, उखाण्याले तुमीच पायजे!"

आणि गयाबाईला? तिलाही आग्रह असतोच. "काकू, तुमी नुसतं जेवाले या!"