उशीतला डायनोसॉर

"उशी फाडण्याआधी निदान विचारायचं तरी, आई."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस का?"

"नाही."

"मग विचारून काय उपयोग?"

सुनेने कपाळाला हात लावला. हाताला गोंद होता हे तिच्या लक्षात आलं नाही, आणि गोंदाला पीस होतं हे मी सांगितलं नाही. (भांडण चालू असताना समोरच्याला मदत करू नये, या मताची मी आहे.)

उशी माझ्या मुलाची. मानदुखीवर डॉक्टरांनी सांगितलेली, मऊ, खऱ्या पिसांची. आता ती पिसं पंख्यावर होती, टीव्हीवर होती, मुलाच्या चहात होती, आणि थोडीफार नातीच्या अंगावरही होती. नात स्टुलावर उभी होती. संध्याकाळी शाळेच्या नाटकात तिला डायनोसॉर व्हायचं होतं. मुखवटा शाळेत मिळणार होता. बाकीचा पोशाख तिच्या आईने जुना पडदा कापून शिवला होता, हिरवागार, खवल्याखवल्यांचा. त्यावर मी सकाळपासून पिसं चिकटवत होते.

हे सगळं त्या डायनोसॉरच्या सिनेमामुळे झालं. नातीने हट्ट केला म्हणून गेले, आणि थिएटरात गार वाटतं म्हणून बसले. पण ते धूड पडद्यावर आलं आणि माझी झोपच उडाली. दुसऱ्या दिवशी थेट वाचनालय गाठलं.

"नातवंडांसाठी का, आजी?" तिथल्या माणसाने विचारलं.

"नातवंडांना मी वाचून दाखवीन. पुस्तक मला हवंय."

शाळा मला बघायला मिळाली नाही. वाचायला शिकले ती स्वतःच्या हिमतीवर, त्यामुळे मी वाचलेलं कुणी खोटं ठरवलं की माझं डोकं फिरतं. आणि पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं, डायनोसॉरांना पिसं होती. सिनेमावाल्यांनी बिचाऱ्यांना उघड्या अंगाने पळवलं होतं. तीच चूक माझ्या घरात होऊ द्यायची?

"आई, पोरीची कोंबडी केलीस तू," मुलगा चहातलं पीस काढत म्हणाला.

"कोंबडी डायनोसॉरच्या नात्यातलीच आहे. अभ्यास कर जरा."

"सगळे हसतील तिला," सून म्हणाली.

"अडाणी हसतील."

"मुख्याध्यापक बाई पहिल्या रांगेत असणार आहेत."

"त्यांनाही पुस्तक देते वाचायला."

"आजी, अगं मी..." नात म्हणाली.

"हलू नकोस. शेपूट राहिलंय."

तेवढ्यात सुनेने नातीच्या खांद्यावरची मूठभर पिसं धरून ओढली. गोंद मी चांगला दाट लावला होता (काम हातात घेतलं की मी कसर ठेवत नाही), त्यामुळे पिसं निघाली नाहीत, बाही निघाली. नातीने उघड्या दंडाकडे बघितलं आणि तिचा ओठ थरथरायला लागला.

"मी नाही जाणार नाटकाला," ती म्हणाली.

मुलाने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. सुनेने माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर माघार घेती. पण ज्ञानाच्या बाबतीत माघार घेणाऱ्यांतली मी नव्हे. मी नातीचे डोळे पदराने पुसले. घरात माझं पुस्तक ऐकून घेणारी ती एकटीच होती, ती माझ्याच बाजूने बोलणार याची मला खात्री होती.

"रडायचं नाही," मी म्हटलं. "सिनेमा आपण दोघींनी बघितला, पुस्तकही दोघींनी वाचलं. आता तूच सांग तुझ्या आईला, आमच्यातलं कोण बरोबर ते."

तिने नाकावरचं पीस काढलं, आईकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"आजी, मी तो लांब मानेचा, पाला खाणारा डायनोसॉर झालेय, आणि त्याला पिसं नव्हती असं तूच मला वाचून दाखवलं होतंस."