दहाला पाच कमी

"दोन तासांचं काम!" गुरुजी सोमवारी सकाळी मॅनेजरबाईंना म्हणाले. "जेवायच्या सुट्टीआधी पेटी तुमच्या टेबलावर!"

ऑफिसात त्यांना गुरुजी म्हणत, कारण कुणी वेळ विचारली तरी ते आधी घड्याळ कसं चालतं ते सांगत. पेटी म्हणजे दवाखान्यातल्या औषधांच्या फ्रीजवर नजर ठेवणारं एक छोटं यंत्र. चालू केलं की दहातून नऊ वेळा गुणी बाळासारखं सुरू व्हायचं. दहाव्या वेळी मात्र बसायचं ठप्प! आणि दवाखान्याला ते पुढच्या सोमवारी हवं होतं.

दुखणं गुरुजींनी लगेच ओळखलं. पेटीच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा, म्हणजे कर्नल, तो सुरू होताना दोन कामं एकदम पळत सुटायची. एक डिस्कला उठवायचं, दुसरं डिस्कवरचं वाचायला जायचं. बहुतेक वेळा डिस्क आधी उठायची. कधीतरी वाचणारा आधी पोचायचा, दार वाजवायचा, आतून ओ मिळाली नाही की तिथेच थिजायचा. जो आधी पोचेल त्याच्यावर सगळं अवलंबून! असली भांडणं गुरुजींनी तीस वर्षं सोडवली होती.

नेमकं काय होतंय ते दिसावं म्हणून त्यांनी पेटीला बोलायला लावलं. डिस्क उठली की पडद्यावर "उठले", वाचणारा निघाला की "निघालो". आणि काय सांगू, पेटी सुधारली! शंभर वेळा बंद-चालू केली, शंभर वेळा सुरू! गुरुजींनी खुशीत ते संदेश काढून टाकले, तर सातव्या वेळी ठप्प. संदेश लिहिण्यात जो क्षणभर वेळ जायचा, तेवढ्यात डिस्क उठत होती. थोडक्यात, बघायला गेलं की दुखणं गायब!

असे दोन तास लांबत लांबत शनिवार उजाडला. गुरुजींनी मग जालीम उपाय केला. वाचणाऱ्याला बजावलं, डिस्क उठल्याशिवाय काही मागायचं नाही. डिस्कलाही बजावलं, कुणी मागितल्याशिवाय उठायचं नाही, उगीच वीज जाते! एकदम शिस्त!

आता पेटी दहातून दहा वेळा ठप्प होऊ लागली.

रविवारी सकाळी ते पुन्हा ऑफिसात आले. खरं तर काम नसतं तरी आले असते. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि घरातला रविवार त्यांना संपता संपत नसे. ऑफिसात निदान पंख्याचा आवाज होता. शिवाय रविवारी साफसफाईवाल्या मावशी यायच्या, त्या कुणाशी ना कुणाशी भांडायच्या, अगदीच कुणी नसलं तर फरशीशी!

"पेटीशी काय बोलताय हो, गुरुजी?"

"बोलत नाहीये. विचारतोय, का अडलीस म्हणून."

"मग सांगतेय का?"

"नाही."

"आणि ते घड्याळाकडे काय सारखं बघताय?"

गुरुजींनी पुन्हा घड्याळ पाहिलं. मुलगी परदेशात होती. दर रविवारी दहाला फोन. पूर्वी तो बायको लावायची. ती गेल्यावर बापलेकींनी मिळून दहाची वेळ धरली, पण लावायचा कुणी हे काही ठरलं नाही. मुलगी बापावर गेलेली. दोघंही ठोक दहाला फोन लावायचे, दोघांनाही व्यस्त लागायचा. मग दोघंही समोरच्याला संधी म्हणून दहा मिनिटं थांबायचे आणि ठोक दहा वाजून दहा मिनिटांनी पुन्हा लावायचे! तेवढ्यात तिची कामाला जायची वेळ व्हायची. एरवी कधीतरी एकाचा आधी लागायचा, पण गेले तीन रविवार असेच गेले होते. मधल्या काळात तिचा संदेश आला होता, "बाबा, एक सांगायचंय. लिहून नाही, बोलूनच." तेव्हापासून गुरुजी तर्क लढवत होते. नोकरी गेली का? आजारी आहे का? की आता तिकडेच कायमची राहणार?

"आज मी मुळी लावतच नाहीये," त्यांनी मावशींना सांगितलं. "आज मी थांबणार. म्हणजे तिचा लागेल."

दहा वाजले. दहा वाजून दहा झाले. वीस झाले. फोन गप्प!

"लेक कुणाची?" मावशींनी विचारलं.

"माझीच."

"मग तीही तिकडे थांबली असणार की! दोघं वाट बघत बसलात तर लावणार कोण? मी?"

आणि खरंच, ओला हात पदराला पुसून मावशींनी त्यांचा फोन उचलला, लेकीला लावला आणि त्यांच्या हातात दिला. पहिल्याच घंटीला आवाज आला, "बाबा! किती वेळची थांबलेय मी! आज सुट्टी काढलीय मुद्दाम. ऐका, मला सांगायचंय ना, ते..."

गुरुजी ताडकन उठले. "दोघं थांबली! अगं, दोघंही थांबलीत! डिस्कने न मागताच उठायला हवं! थांब, आलोच!" फोन मावशींच्या हातात कोंबून ते पेटीकडे धावले.

डिस्कवरची बंदी उठवली. थांबायचं ते फक्त वाचणाऱ्याने! पेटी शंभर वेळा बंद-चालू केली, शंभरही वेळा सुरू. संदेश नाहीत, काही नाही. गुरुजी विजयी मुद्रेने परतले तेव्हा पाऊण तास झाला होता आणि मावशी बादली उपडी करत होत्या.

"फोन?"

"ठेवला. छान आहे हो पोरगी. खूप बोललो आम्ही."

"काय सांगायचं होतं तिला?"

"ते नाही सांगणार. शपथ घातलीय. म्हणाली, बाबांना मीच सांगेन, पुढच्या रविवारी. लावायचा तुम्ही, ती थांबेल."

गुरुजींनी फोन लावला, संदेश पाठवले. एकच उत्तर आलं, "पेटीच्या आधी माझा नंबर लागला की सांगेन." तो आठवडा त्यांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. मॅनेजरबाईंनी सर्वांसमोर कौतुक केलं, तेही त्यांना नीट ऐकू आलं नाही.

पुढच्या रविवारी काम नव्हतं, तरी चष्म्याचं घर विसरलं म्हणून ते ऑफिसात आले. ठोक दहाला फोन लावला. व्यस्त! ही तर थांबणार होती!

बाहेर कोणीतरी खो खो हसलं. डोकावून पाहतात तर काखेत झाडू, कानाला फोन आणि मावशी गप्पांत रंगलेल्या! दहाला पाच कमी असल्यापासून!

गुरुजी मुकाट्याने उपड्या बादलीवर बसले. बारा मिनिटांनी मावशींनी फोन पुढे केला. "घ्या. आला तुमचा नंबर."

"बाबा, मी येतेय! चांगली महिनाभर! रजा मिळाली!"

गुरुजी बादलीवरून उठले, पुन्हा बसले आणि परत उठले.

"बाबा? आहात ना? ठप्प झालात का?"

"नाही नाही! सुरू होतोय!" ते डोळे पुसत म्हणाले. "मी येतो विमानतळावर घ्यायला! दोन तास आधी!"

"मुळीच नको. मी एका दाराने बाहेर पडेन आणि तुम्ही दुसऱ्या दाराने मला शोधायला आत जाल. मावशी येणार आहेत, आमचं ठरलंय. तुम्ही फक्त घरी थांबा."

गुरुजींनी मान डोलावली. थांबण्यात त्यांचा हात धरणारं कोण होतं? फोन ठेवला आणि त्याच बादलीवर बसून त्यांनी लगेच थांबायला सुरुवातही केली. विमानाला अजून सव्वीस दिवस होते!